पंगतीतला एक टोमणा

आज अमळनेरला भाचीचा साखरपुडा झाला. पंगतीत ती बट्टीवर तूप वाढत असताना मुलाकडच्या एका काकांनी तिला विचारले, “अजून त्याच जुन्या आयटी कंपनीत? मग सरकारी नोकरीच म्हणायची की!” शेजारचे चौघे हसले. आपला मुलगा पुण्यात स्टार्टअपमध्ये असल्याचे त्यांनी तोवर तीनदा सांगितले होते. घरी येऊन चार तास झाले तरी माझा संताप उतरलेला नाही.

निदान अमळनेरात बसून तरी असे बोलू नये. जिला आज तरुण मुले ‘म्हातारी’ म्हणतात ती विप्रो १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तूप काढण्यासाठी निघाली. पुढे ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबणही तिने विकला, १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून ती हाती घेतली, आणि आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने भारतातून गाशा गुंडाळल्यावर हे तूपवाले संगणकाच्या धंद्यात उतरले. हेच आज पंचविशीतल्या एखाद्याने केले असते, तर काकांनी त्याची मुलाखत सगळ्यांना फॉरवर्ड केली असती.

माझे आजोबा भुईमुगाची गाडी घेऊन विप्रोच्या मिलसमोर रांगेत उभे राहत. शेअर घ्या असे कोणी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “कालची कंपनी, मुंबईचा शेठ. कागद घेऊन काय करू? त्यापेक्षा बैल घेतो.” आणि त्यांनी खरोखरच बैल घेतला. ज्यांनी ते कागद पेटीत जपून ठेवले, त्यांचे काय झाले हे अमळनेरकरांना सांगायला नको. म्हणजे कंपनी नवी होती तेव्हा तिचा भरवसा नव्हता, आणि टिकली तर ती शिळी झाली!

मी जळगावात डाळमिलचे हिशेब पाहतो. १९८६ पासूनच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे कौतुक आमच्याकडे कोणी करत नाही, कारण ती रोज सकाळी मुकाट्याने उघडते. उलट यावलकडच्या माझ्या मित्राने केळी विकण्यासाठी घेतलेले एक देखणे अ‍ॅप ऐन कापणीच्या दिवशी बंद पडले. घड बांधावर, आणि फोन उचलायला कोणी नाही. जुन्या कंपन्या पगारवाढीला हात आखडतात आणि माणसांना महिनोन्‌महिने काम न देता बेंचवर बसवतात, हे मान्य. पण म्हणून भाचीने सात वर्षे झोपा काढल्या काय?

एक गोष्ट मात्र मघापासून लिहायची टाळत होतो. हात धुताना काका माझ्याशेजारी उभे राहिले आणि नळाकडे पाहतच म्हणाले की, मुलाचा पगार दोन महिने झालेला नाही, घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. मला काही बोलता आले नाही. मी नुसता टॉवेल पुढे केला. वरची फॉरवर्डची ओळ आता मलाच बोचते आहे, पण खोडत नाही. आणि आजोबांची बाजूही सांगायलाच हवी: तो बैल बारा वर्षे चालला.