यादी का देत नाही, त्याबद्दल

नमस्कार. सिस्कोच्या राउटर-स्विचच्या कमांडवरचा माझा लेख वाचून "एवढं पाल्हाळ कशाला? बरोबर कमांडची यादी टाका, आम्ही कॉपी-पेस्ट करतो," असं तुम्ही लिहिलंत. शिवाय त्यातली 'शो रनिंग-कॉन्फिग' (चालू सेटिंग दाखवणारी कमांड) पेस्ट केल्यावर एरर आली, हीसुद्धा तक्रार आहे.

तक्रार खरी आहे. वेबपानावर हायफनचा लांब डॅश झाला होता. डोळ्यांना फरक कळत नाही, पण सिस्कोच्या राउटरला ते अक्षरच वेगळं. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे.

यादीचं मात्र मला पटत नाही. इंटरफेसवर 'आयपी अ‍ॅड्रेस 192.168.10.1/24' ही ओळ सिस्कोचा नेक्सस स्विच मुकाट्याने घेतो. तुमच्या आयओएसच्या (सिस्कोची राउटरमधली प्रणाली, आयफोनची नव्हे) राउटरवर तीच टाका, 'इनव्हॅलिड इनपुट' येईल आणि ^ ही खूण स्लॅशपाशी दिसेल. म्हणजे तिथपर्यंतचं त्याला समजलं, तिथे अडलं. स्लॅशपासून पुढचं खोडा, एक स्पेस द्या आणि ? दाबा. सबनेट मास्क (/24 हेच आकड्यांत लिहायची पद्धत) हवा, हे तो स्वतःच सांगतो. 255.255.255.0 लिहिलं की काम झालं. खूण पहिल्याच शब्दाखाली आली तर आधी प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीचं, राउटर कोणत्या मोडमध्ये आहे ते दाखवणारं नाव) बघा, बहुतेक वेळा मोड चुकलेला असतो. (कॉन्फिग)# मध्ये 'शो'च्या आधी 'डू' लावावं लागतं.

आणि जिथे एररच येत नाही तिथे काय करणार? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन 30 (एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर, वाढवायचा होता. मी जुळे सोलापुरात घरी बसून 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30' टाकलं. 'अ‍ॅड' हा शब्द राहिला. सिंटॅक्स बिनचूक, म्हणून स्विचने निमूटपणे जुनी यादी पुसून एकटा 30 ठेवला. बिलिंगचा व्हीलॅन 10 बंद पडला, आणि मी त्याच 10 वरून आत शिरलो होतो! रात्री कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची वायर) घेऊन, कापसाचे तंतू चिकटलेल्या त्या रॅकपाशी जावं लागलं. तेव्हापासून दूरून काम करताना आधी 'रीलोड इन 10' लावतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट झालं की 'रीलोड कॅन्सल', आणि मगच सेव्ह.

तुमची अडलेली ओळ पाठवा, प्रॉम्प्टसकट आणि ^ कुठे आली त्यासकट. पासवर्ड तेवढा काढून टाका. आपण मिळून बघू.