पोरानं पेठ बदलली तर गद्दार, मग क्लबनं शहर बदललं तर?

गेल्या महिन्यात कट्ट्यावर एका पोरावरनं जुंपली. नाव घेत नाही, पोरगं अजून लहान आहे, एकोणीस-वीसचं. चार वर्षं आमच्या तालमीकडनं फुटबॉल खेळलं; आमच्या कोल्हापुरात पेठांच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. राइट विंगला बॉल घेऊन सुटलं की शाहू स्टेडियमची निम्मी गॅलरी उभी राहायची. यंदा खेळाडू नोंदणी सुरू झाली आणि पठ्ठ्या दुसऱ्या पेठेच्या संघाकडं सही करून मोकळा झाला. "ज्या तालमीचं मीठ खाल्लं..." इथनं सुरुवात झाली ती त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचली. आजोबा तालमीचे जुने गोलकीपर, बिचारे पलीकडच्या पानपट्टीवरच उभे होते.

खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त मीच बोललो. गद्दार हा शब्दही पहिल्यांदा माझ्याच तोंडातनं निघाला.

आमच्यात एक जण आहे, तो सहसा चहा पितो आणि ऐकतो. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी त्याचा गुडघा गेला तवा एमआरआयचं पैसं कुणी दिलं रे?" कुणी काही बोललं नाही. त्याच्या आईनं दिले होते, भिशी उचलून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगं पाच महिने घरी बसलं, त्या पाच महिन्यांत आम्ही कितीजण त्याच्या दारात गेलो हेही ठाऊक होतं. मी नव्हतो गेलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात अन्वर अली फिरतोय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. २०१७ साली अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला होता. त्याच टीममध्ये पंजाबचा हा अन्वर अली होता, डिफेन्सला. अनिकेत आपला म्हणून आपण टीव्हीला चिकटलो होतो, पण जाणकारांच्या तोंडी अन्वरचंही नाव होतं. पुढं त्याला मुंबई सिटीनं घेतलं. २०१९ मध्ये तपासणीत हृदयाचा आजार निघाला. हृदयाचा स्नायू जाड होतो, ऐन मैदानात काहीही होऊ शकतं, असा तो आजार. मुंबई सिटीकडून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. २०२० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगकडं खेळायला निघाला, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं अडवलं. वीस वर्षांचं पोरगं, "मला खेळू द्या" म्हणून दिल्ली हायकोर्टात गेलं. आपण त्या वयात कॉलेजच्या अटेंडन्ससाठी भांडत होतो.

मी इथं कुठल्याच क्लबला शिव्या घालत नाही. डॉक्टर नको म्हणत असताना पोराला मैदानात उतरवणारा क्लब जास्त वाईट. मुद्दा एवढाच, की त्या काळात त्याच्या पाठीशी कुठली मोठी जर्सी नव्हती. दिल्ली एफसी हा छोटा क्लब तेवढा होता. २०२१ मध्ये खेळायची परवानगी मिळाली, २०२२ च्या जानेवारीत एफसी गोवानं त्याला लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, आणलं, आणि त्याच जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्यानं भारतासाठी गोल मारला. तो गोल मी मोबाईलवर बघितला आणि बायकोला उठवून दाखवला. तिला काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

मग २०२३ मध्ये मोहन बागान. इथून गंमत सुरू होते. बागाननं त्याला विकत घेतला नाही, दिल्ली एफसीकडून लोनवर घेतला. चार वर्षांच्या लोनवर! अहो, चार वर्षांचं लोन म्हणजे उसनं आणलेला कुकर दोन दिवाळ्या झाल्या तरी आपल्याच गॅसवर. फिफानं १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर एक वर्षाची मर्यादा घातलीय. देशातल्या देशातले नियम बदलायला महासंघांना तीन वर्षांची मुदत दिली होती. त्या मुदतीच्या फटीत हा करार बसला होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात अन्वरनं बागानचं लोन मोडलं आणि सही केली ती थेट ईस्ट बेंगालकडं, बागानच्या कट्टर वैऱ्याकडं, पाच वर्षांसाठी. कोलकात्यात याचा अर्थ काय होतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की आपल्याकडं काय होतं ते आठवा आणि त्याला शंभरनं गुणा. तिकडं तर एके काळी सह्यांच्या दिवसांत क्लबची माणसं खेळाडूला उचलून लपवून ठेवायची, आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या, ऑफिसात सही होईपर्यंत.

महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीनं (खेळाडूंच्या करारांचे वाद सोडवणारी) १० सप्टेंबर २०२४ ला निकाल दिला. अन्वरवर चार महिन्यांची बंदी, ईस्ट बेंगाल आणि दिल्ली एफसीवर दोन ट्रान्सफर विंडोंत नवे खेळाडू घ्यायला बंदी, आणि अन्वरसह तिघांनी मिळून बागानला १२ कोटी ९० लाख रुपये द्यायचे. आठवड्याच्या आत दिल्ली हायकोर्टात तोच आदेश महासंघाला मागं घ्यावा लागला, पुन्हा सुनावणी घेऊ म्हणाले, आणि पोरगं ईस्ट बेंगालच्या लाल-पिवळ्या जर्सीत मैदानात उतरलं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर अन्वर धुतल्या तांदळासारखा नाही. सही केली होती, मुदत बाकी होती, आणि मधेच उठून समोरच्या घरात जाणं हे काही शोभत नाही. खेळाडूनं करार मोडला तर भरपाई द्यावी, यात मला काही चुकीचं दिसत नाही. पण त्या दिवसांत सोशल मीडियावर त्याच्या हृदयावरनं जे लिहिलं गेलं ते मी वाचलंय. काही वर्षांपूर्वी ज्याच्या आजारावर आपण हळहळलो, त्याच आजारावर माणसं विनोद करत होती. जर्सी बदलली, एवढंच झालं होतं.

आता दुसरी बाजू. खेळाडूनं क्लब सोडला तर त्याला शब्द आहे, गद्दार. क्लबनं खेळाडूला, प्रेक्षकांना, अख्ख्या शहराला सोडलं तर त्याला आपल्याकडं शब्द काय आहे?

पुण्याची आयएसएल टीम, एफसी पुणे सिटी आठवतेय का? तिचे खेळाडू मार्सेलिन्यो, अल्फारो? २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही पाचजण पहाटेची गाडी पकडून कोल्हापुरातनं बालेवाडीला गेलो होतो. पुण्याची पहिलीच सेमीफायनल, समोर बेंगळुरू. ०-० सुटली. दुसऱ्या लेगला त्यांच्या सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारून आमचं काम तमाम केलं, पण त्या दिवशी बालेवाडीला नारंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, टीमच गुंडाळली. तिची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभी राहिली. माझी जर्सी अजून कपाटात आहे, पोरगा ती घालून होळी खेळतो.

थांबा, गोष्ट संपलेली नाही. हैदराबादनं २०२२ ला फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या हंगामात आपला अनिकेत त्यांच्याकडंच होता, म्हणून आम्ही पुन्हा एकदा मन रमवलं. दोन वर्षांत तिथं पगार थकले, खेळाडू एकेक करून निघून गेले, नवे खेळाडू नोंदवायला फिफाची बंदी आली. मालक बदलले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीच टीम दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. बदलीच्या नोकरीतला तलाठीसुद्धा इतका फिरत नाही. यात कुणी त्या टीमला गद्दार म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. 'फ्रँचायझी स्थलांतरित' असं छान लिहितात.

त्याआधीची पिढी महिंद्रा युनायटेडबद्दल असंच सांगेल. कूपरेजवरची लाल जर्सी, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० ला एका निर्णयात बंद.

आणि मग आलं २०२५. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. तो नव्यानं होईना, म्हणून जुलैमध्येच हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. बघा, इथंही करारच होता. खेळाडूच्या सहीचा करार जागच्या जागी होता, मुदतही बाकी होती. पण वरच्या दोघांचा करार लटकला, तर खालच्याच्या कागदाची किंमत रद्दीच्या भावात. अन्वरवर १२ कोटी ९० लाख लावणारी कमिटी होती; इथं कुणी कुणावर काय लावलं?

लीग चालवायच्या हक्कांचं टेंडर निघालं, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. ७ डिसेंबरला फातोर्ड्यात एफसी गोवानं ईस्ट बेंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप उचलला, आणि दुसऱ्या दिवशी तो मूळ करारच संपला. म्हणजे आज चॅम्पियन, आणि उद्या लीग आहे की नाही हे कुणाला माहीत नाही. त्याच महिन्यात गोव्याचे खेळाडू ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोल क्लबविरुद्ध किक-ऑफ झाल्यावर काही सेकंद तसेच उभे राहिले. निषेध म्हणून, कुणीतरी बघावं म्हणून. मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनं मुंबई सिटीतला आपला ६५ टक्के हिस्सा सोडला आणि ते निघाले. केरला ब्लास्टर्सचा कॅप्टन लुना इंडोनेशियात लोनवर गेला. त्याला थांबवायचं तरी कुठल्या तोंडानं?

शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली. चौदा क्लब, ९१ मॅचेस. म्हणजे एका टीमला तेरा. आदल्या हंगामात चोवीस होत्या. एजंटकडं नवा करार मागायला जाणाऱ्या पोरानं वर्षभरात दाखवायचं काय, तर तेरा मॅचेस. त्यातल्या पाच बेंचवर गेल्या तर विचारूच नका.

युरोपातली माणसं याच वाटेनं गेली आहेत. बोस्मान नावाचा बेल्जियमचा साधा खेळाडू. १९९० मध्ये करार संपला तरी क्लब त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जाऊ देईना, पैसे मोजा म्हणाला. तो पाच वर्षं कोर्टात लढला, १५ डिसेंबर १९९५ ला जिंकला. करार संपला की खेळाडू मोकळा, हा नियम त्याच्यामुळं आला. आज एम्बापे पॅरिस सोडून फुकटात माद्रिदला जातो आणि सहीसाठी वेगळे कोट्यवधी घेतो, ती वाट या माणसानं पाडलीय. त्याला स्वतःला मात्र पुढं हलाखीतच दिवस काढावे लागले.

माझ्या पोस्टखाली कुणी तरी लिहिणारच, की मग छोट्या क्लबनं पोरं घडवायची कशाला? हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडं त्याचं पूर्ण उत्तर नाही. खेळाडू करारात असताना एका देशातनं दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या फीमधले पाच टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून मिळतात, असा फिफाचा नियम आहे. आपल्या पेठेतल्या पोराला पहिला बॉल देणाऱ्या तालमीच्या हाती यातलं काय येणार? गणपतीच्या वर्गणीवर बूट घेणाऱ्या मंडळाला वाईट वाटणारच. वाटू दे. पण त्या वाईट वाटण्याचा हिशोब एकट्या पोराच्या नावावर मांडायचा, हे मला आता पटेना झालंय.

परवा ते पोरगं माझ्याकडं आलं. मी म्हटलं आता हा भांडणार. तर म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत हुता न्हवं? जरा हे वाचून सांगा की." नव्या संघानं दिलेला कागद. मानधनाचा आकडा होता, हप्ते होते, तो संघ सोडून दुसरीकडं खेळायचं नाही असं दोनदा लिहिलेलं होतं. दुखापत झाली तर काय, याची एक ओळसुद्धा नव्हती. मी कडेला पेनानं लिहून दिली आणि म्हटलं, ही घालायला सांग, मग दुसरी सही कर. "सही मागंच झालीया काका," म्हणाला, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.