खासगीपणाचा हक्क माझा, पडदा मात्र कारभाराला

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले. कायदा २०२३ सालचा. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि पुढे सव्वादोन वर्षं तो कागदावरच राहिला. आता तो लागू झाला म्हणून बातम्या आल्या, अभिनंदनाच्या पोस्टी पडल्या. मी अधिसूचना वाचली आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

कायदा एकदम लागू झालेला नाही, टप्प्याटप्प्याने होतो आहे. आपली माहिती घेण्याआधी आपली संमती घ्यायची, काय काय घेतलं ते विचारलं तर सांगायचं, चुकीचं असेल ते दुरुस्त करून द्यायचं, नको असेल ते पुसून टाकायचं, ही सगळी कलमं त्या अधिसूचनेप्रमाणे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्याच कायद्यात ४४(३) नावाचं एक छोटंसं कलम आहे. ते माहिती अधिकार कायद्यात दुरुस्ती करतं. ते मात्र लगेच लागू झालं. नागरिकाला जे मिळायचं त्यासाठी दीड वर्ष थांबा, आणि नागरिकाच्या हातातून जे काढून घ्यायचं ते आजच. हा क्रम कुणीतरी बसून ठरवला आहे.

खासगीपणाचा कायदा हवाच होता, आणि तो फार उशिरा आला, हे आधी सांगते. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं म्हणणारी माणसं माझ्या घरातही आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने मोबाइलवरच्या ॲपवरून थोडं कर्ज घेतलं. हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. त्याला आले ते आलेच, शिवाय त्याच्या मामाला, शाळेतल्या जुन्या सरांना, तो कामाला होता त्या दुकानाच्या मालकाला. ॲप टाकताना त्याने 'अलाऊ' दाबलं तेव्हाच फोनमधले सगळे नंबर तिकडे गेले होते. त्या पोराकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मामाचा नंबर मामाचा होता आणि मामाला कुणी विचारलं नव्हतं. कर्जाच्या ॲपने संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो आणि फायली यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे. तरी बेकायदा ॲपवाले धमक्या देतात, फोटोंची विटंबना करून ते नातेवाइकांना पाठवतात, आणि माणसं लाजेने पोलिसांकडेही जात नाहीत.

मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला गेलं की नावाआधी नंबर विचारतात. बिलासाठी नंबर द्यायलाच हवा असा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं. नव्या कायद्यात तर मेडिकलचंच उदाहरण दिलं आहे. गिऱ्हाइकाने स्वतःहून नंबर देऊन पावती मेसेजवर मागितली तर तो नंबर पावती पाठवण्यापुरता वापरायचा. कोणती बाई दर महिन्याला कोणत्या गोळ्या नेते, याची यादी तिच्या नंबरसकट कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये साठत जाते, याचा विचार करून पाहा. गोळ्या मनाच्या आजाराच्या असतील, गर्भनिरोधक असतील, क्षयाच्या असतील. गावात एवढी बातमी एखाद्या मुलीचं लग्न मोडायला पुरते.

आणखी एक तरतूद मला मनापासून आवडली. संमती मागताना ती साध्या, समजेल अशा भाषेत मागायची आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यायची. म्हणजे मराठीतसुद्धा. आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. इंग्रजीतली वीस पानं खाली सरकवत 'आय ॲग्री' दाबणाऱ्या आपल्या आईवडिलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच मे २०२७ ही तारीख मला जास्त खुपते.

हा हक्क आपल्याला सरकारने आपणहून दिलेला नाही, हेही लक्षात असू द्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, त्यांनी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१५ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी केंद्र सरकारतर्फे न्यायालयात भूमिका मांडली की खासगीपणा हा मुळी मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी दाखला दिला १९५४ च्या आणि १९६२ च्या दोन जुन्या निकालांचा. त्यावर नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की हा मूलभूत हक्क आहे, अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे. सरकारला तो आवळायचा असेल तर आधी कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. गरिबाला भाकरी हवी, त्याला खासगीपणा कशाला, हा युक्तिवादही धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात धुडकावला आहे. पुट्टस्वामी २०२४ मध्ये गेले, ९८ वर्षांचे होऊन.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये याच निकालाच्या बळावर एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. जनतेची सुरक्षितता धोक्यात नसताना आणि आणीबाणीची स्थिती नसताना फोन ऐकता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. खासगीपणाचा हक्क असा, सत्तेच्या विरुद्ध उभा राहण्यासाठी असतो.

आता ४४(३) कडे येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(ञ) पहिल्यापासून आहे. वैयक्तिक माहिती नाकारता येते, असं तेही म्हणत होतं, पण अटी घालून. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी झाली पाहिजे. तरीही मोठं जनहित असेल तर द्यायची. आणि खाली एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बाईला त्या वाक्याने आमदाराच्या बरोबरीला बसवलं होतं. आता या सगळ्या अटी गेल्या, ते वाक्यही गेलं. उरलं एवढंच की माहिती वैयक्तिक असेल तर देणं बंधनकारक नाही.

ज्यांनी कधी 'जोडपत्र अ' भरून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आहे, त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. आपण मागतो त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव असतं. रोजगार हमीचं हजेरीपत्रक म्हणजे नावं. घरकुलाची यादी म्हणजे नावं. रस्त्याचं बिल कुणाला दिलं, मोजमाप पुस्तिकेवर सही कुणाची, बदली कुणाच्या शिफारशीने झाली, जातीचा दाखला कुणी दिला, सगळीकडे माणूस आहेच. नाव झाकलं तर उरलेल्या कागदाचा उपयोग काय? मेलेल्या माणसाच्या नावाने मजुरी उचलली, हे नाव वाचल्याशिवाय कसं कळणार?

लाडकी बहीण योजना बघा. २०२४ च्या जुलैत आपल्या बायका आधार, रेशन कार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स घेऊन उन्हापावसात रांगेत उभ्या होत्या. कुणी अंगणवाडीत कागद दिले, कुणी सेतूत, कुणी गल्लीतल्या कार्यकर्त्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. त्या फोटोंचं पुढे काय झालं हे त्या बायकांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांचे खातेक्रमांक आणि आधार क्रमांक जपणं हा खरा खासगीपणा, आणि तो त्यांना अजून मिळालेला नाही. पुढे २०२५ मध्ये उघड झालं की या योजनेचे पैसे हजारो पुरुषांच्या खात्यांतही गेले. आता माझ्या गावात लाभ कुणाला मिळाला ही यादी मी मागितली, तर अधिकारी म्हणू शकतो, वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. खातेक्रमांक झाकून नावं देणं सहज शक्य आहे. अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी स्वतःहून जाहीर करा, असं याच माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं. तरी टेबलापलीकडच्या माणसाला नकाराचं आयतं कारण मिळालं आहे, आणि ते वापरणार नाही असा माणूस विरळा.

सरकारची बाजू मी वाचली आहे. मंत्री अश्विनी वैष्णव यांनी एप्रिल २०२५ मध्ये लिहिलं की जी माहिती कायद्यानेच जाहीर करायची आहे ती पुढेही मिळत राहील. शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) शाबूत आहे: जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. बरोबर, शाबूत आहे. पण जनहित जास्त आहे हे आता मला पटवून द्यावं लागणार, त्याच अधिकाऱ्याला, ज्याच्या कार्यालयाचा घोळ त्या कागदात आहे. त्याने नाही म्हटलं की पहिलं अपील त्याच्याच वरिष्ठाकडे. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथे तारीख मिळेपर्यंत रस्ता उखडून पुन्हा झालेला असतो.

या डेटा कायद्याचा याहून चांगला मसुदा होता, म्हणून जास्त वाईट वाटतं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला त्यातही ८(१)(ञ) बदललं होतं. पण त्यात तोलायला सांगितलं होतं: माहिती दिल्याने त्या व्यक्तीचं होणारं नुकसान पारदर्शकतेतल्या जनहितापेक्षा जास्त असेल तरच नाकारा. २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, नवं आलं, आणि त्यात हे तोलणं गायब झालं.

बाकीचा कायदा वाचतानाही कल दिसतोच. केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांवरून अधिसूचना काढून कायद्यातून सूट देऊ शकतं. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावरची माणसं केंद्रच नेमणार. माहिती फुटली तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम, ४३अ, तेही मे २०२७ ला जाणार. आणि नागरिकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड. क्षुल्लक काय हे ठरवणार तेच मंडळ.

महाराष्ट्राने माहितीचा अधिकार देशाच्या आधी, २००२ मध्ये केला होता, आणि तो लोकांनी उपोषणं करून मिळवला होता. त्यामुळे हे गप्प बसून बघणं मला जमणार नाही. माझी मागणी साधी आहे: ८(१)(ञ) जुन्या शब्दांत परत आणा, आणि संमतीची कलमं दीड वर्ष लांबवू नका. आपापल्या खासदारांना हे लिहा.

तोवर अर्ज करणं थांबवू नका. अर्जातच कलम ८(२) चा उल्लेख करा आणि जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहा. आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक वगळून माहिती द्यावी, असंही लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे नाकारण्यासारखा भाग वेगळा काढून उरलेली माहिती देता येते. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. आणि वैयक्तिक माहितीचं कारण देऊन ज्यांना नकाराचं पत्र आलं असेल, त्यांनी आपलं नाव-पत्ता झाकून त्याचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका. ती पत्रं एकत्र करून खासदारांना पाठवायची आहेत.