कुठलंही चाक कुठल्याही बाइकला बसत नाही

‘एक्सपल्सला कुठल्याही बाइकची १७ इंची अलॉय चाकं बसतात. लेथवाल्याकडून बुश करून घ्या, काम झालं. मायलेज वाढतं, एबीएस चालू राहतं, आरटीओची कटकट नाही.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. एक्सपल्स म्हणजे हिरोची कच्च्या रस्त्यावरही चालणारी बाइक, पुढे २१ इंची चाक असलेली. आता माझा भाचा तो दाखवून कुर्ल्याला जुनी चाकं बघायला निघालाय, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात घातक वाक्य बुशचं. बुश म्हणजे चाक बसवताना अंतर भरायला लावतात ती धातूची नळी. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गाभ्यात, दोन बाजूंना बेअरिंग असतात आणि त्यांच्या मधे एक नळी. अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, नट आवळला की दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवरून या नळीवर जातो. नळी जराशी आखूड झाली तर तोच दाब बेअरिंग खातं. ते तापतं, मग खडखडायला लागतं. नट पूर्ण आवळून चाक हाताने फिरवा, जड फिरलं तर तिथेच थांबा. बाहेरच्या बुशांचंही तेच. ब्रेकची डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे तिला पकडणाऱ्या भागाच्या, बरोबर मधोमध आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, पुढच्याच्या रेषेत यायला हवं. चेन तिरकी चालली की स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने घासून चकाकतात, आणि हायवेवर चेन उतरून मागचं चाक जाम झालं तर मागून डंपर येत असतो. हे अंदाजपंचे करायचं काम आहे?

मायलेजचं तर सरळ गणित आहे, टायरवरच लिहिलेलं. पुढचा मूळ टायर ९०/९०-२१, म्हणजे व्यास साधारण ६९५ मिमी. १००/८०-१७ चा साधारण ५९२. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर छोटं चाक जास्त फिरतं आणि १०० किलोमीटरचे मीटरवर ११७ दिसतात. वाढलं ते मीटरवरचं मायलेज. पेट्रोल तेवढंच जळतं.

शिवाय बाइक पुढून पाच सेंटीमीटर खाली येते, मागून तेवढी नाही. नाक खाली गेलं की हँडल चंचल होतं. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवरून २१ इंची चाक चढून जातं, १७ इंची आपटतं.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा? चाकावरच्या रिंगचे दात आणि सेन्सरचं अंतर जुळलं नाही तर दिवा लागतो आणि एबीएस बंद.

एक मान्य करतो, नाइलाजाने. डर्ट बाइकला १७ इंची चाकं लावतात, सुपरमोटो म्हणतात त्याला. पण तिथे हब त्याच मॉडेलसाठी बनवलेला असतो. अलॉय चाकांना ट्यूबलेस टायर चालतात आणि त्यांचं पंक्चर काढणं सोपं, हेही खरं.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) वाचा: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

भाच्याला पंक्चरचीच धास्ती असेल तर जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप घेऊन फिरावं. मूळ चाकं विकू नयेत.