एसएमपीएसला दात नसतात

मागच्या मंगळवारी रात्री साडेनऊला, बारावीच्या सराव परीक्षेचा एकोणिसावा प्रश्न टाइप करत असताना टेबलाखाली लवंगी फुटली. आधी धूर, मग वास, मग सगळ्या घराची लाईट गेली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "काय केलंत?" आमच्या घरात कॉम्प्युटरला आपोआप काही होत नाही, ते मीच केलेलं असतं.

गेला होता तो एसएमपीएस. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसून भिंतीतले २३० व्होल्ट गिळणारा आणि आतल्या मंडळींना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे घास भरवणारा पत्र्याचा डबा. साडेसहाशे रुपयांना घेतलेला. अंगावर ठळक अक्षरांत '४५० वॅट'. त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरांत एक तक्ता, आणि तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे मी लातुरात दरवर्षी जूनमध्ये वर्गभर पोरांना घोकायला लावतो. १२ गुणिले १४, १६८. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ही खादाड मंडळी सगळी १२ व्होल्टच्याच पंगतीला बसतात. म्हणजे ४५० माणसांचं आमंत्रण आणि स्वयंपाक १६८ जणांचा. हा गुणाकार मी डबा फुटल्यावर, मोबाईलच्या उजेडात केला. पोरांना सांगू नका.

तीन वर्षांची वॉरंटी होती आणि तिचे दोन महिने शिल्लक होते, म्हणून बुधवारी दुपारी डबा पिशवीत घालून त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं तो नाकाशी नेला, मिरच्यांचा ठसका बघावा तसा हुंगला आणि परत दिला.

"सर, हा जळालाय. जळालेला वॉरंटीत बसत नाही."

आता एसएमपीएस एकतर चालतो नाहीतर जळतो. त्याला सर्दी होत नाही, पाय मुरगळत नाही. मग वॉरंटी नेमकी कशाची? रंग उडाला तर? हे मी विचारलंसुद्धा. त्यावर "कंपनीचा रूल आहे सर" असं उत्तर आलं. कंपनी कुठली हे डब्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी नवीन दाखवा म्हणालो. काउंटरवर दोन आले. एक साडेआठशेचा '५०० वॅट', दुसरा एकोणतीसशेचा, ४५०चाच. पहिल्याच्या खोक्यावर सोनेरी गोल, त्यात '८०%'. "ऐंशी टक्केवाला आहे सर," दुकानदार म्हणाला. ८० प्लस हा प्रकार २००४ साली अमेरिकेत निघाला. २०, ५० आणि १०० टक्के लोडवर डब्यानं घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के पुढं पोचवली तर शिक्का मिळतो. त्यातल्याच वरच्या, 'गोल्ड' दर्जाच्या शिक्क्याला अर्ध्या लोडवर किमान ९० लागतात. तोही शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो; डबा फुटेल की नाही त्याबद्दल तो मौन पाळतो. आणि या खोक्यावरचा गोल तर खरा शिक्काही नव्हता, घरगुती होता. बरं, ऐंशी टक्क्यांचं कौतुक लातुरात? इथं ऐंशी टक्के पडले तर बाप पोराशी आठवडाभर बोलत नाही.

हे सगळं मी सांगणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि साडेआठशेचा डबा उचलून घेऊन गेला.

हाताच्या मागं एक मामा होते. पांढरा पटका, खांद्यावर टॉवेल, कानाच्या पाळीला चुना. देवणीकडचे, बैलांच्या व्यापारातले. नातवाच्या मोबाईलमधले फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून घ्यायला आले होते आणि फोटो भरेपर्यंत त्यांना काम नव्हतं. त्यांनी डबा एका हातात, दुसरा डबा दुसऱ्या हातात धरला, डोळे मिटले, आणि हात वरखाली करायला लागले.

"ह्यो उपाशी हाय," साडेआठशेच्याबद्दल मामा म्हणाले.

"मामा, ते बैल नाही," मी म्हणालो.

"तुमी काय करताव?"

"फिजिक्स शिकवतो."

"मग तुमाला कळंना व्हय?" हे दुकानदार म्हणाला. तेही हसून. तो माझा माजी विद्यार्थी नाही, हे एक बरं.

तरी मी धीर धरून समजावलं की वजनाला अर्थ आहे: ट्रान्सफॉर्मर मोठा, उष्णता ओढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जाड, म्हणून चांगला डबा जड लागतो. पण वजनासाठी आत नुसतं लोखंड ठोकून देणारे महाभागही असतात. मामा लगेच खुलले. "बाजारच्या दिशी बैलाला मीठ चारून पाणी पाजत्यात. पोट टम्म. घरी आणला की संध्याकाळी खपाट." मग त्यांनी दात बघायला डब्याला तोंड शोधलं. आदत, दुसा, चौसा, वय कळायला काहीतरी हवं! तोंड सापडेना म्हणून कानामागची काडेपेटीची काडी काढली आणि जाळीतून आत घालायला निघाले. मी ओरडलोच. २३०च्या लाइनीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं, आतला मोठा कपॅसिटर तेवढा भरतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ तसाच डूख धरून बसतो. हा डबा कोरा होता, त्याला वीज अजून माहीतच नव्हती, हे ओरडून झाल्यावर लक्षात आलं. दुकानात चार गिऱ्हाईकं वळून बघत होती.

भरपाई म्हणून मी मोबाईलची बॅटरी लावून मामांना जाळीतून आत दाखवलं. वायर आत येते तिथं दोन कॉइलींची चित्रं छापलेली, आणि कॉइलींच्या जागी सरळ तारेचे तुकडे टाचलेले. विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टरच खाल्लेला. गावाची पाटी आहे, गाव नाही.

"वेसणच न्हाई," मामा गंभीरपणे म्हणाले. दुखलं मला. माझ्यापेक्षा बरं बोलले.

दुकानदारानं मग हुकमाचा पत्ता काढला. यू-पिन वाकवून हिरव्या आणि काळ्या वायरच्या भोकांत घातली, बटण दाबलं, पंखा फिरला. "बघा सर. ओके आहे." या चाचणीवर मी तीन वर्षांपूर्वी फसलो होतो. लोडच नाही, तर पंखा फिरल्यानं काय कळणार? १२ व्होल्ट खरोखर ५ टक्क्यांच्या आत राहतात का, म्हणजे ११.४च्या खाली घसरतात का, हे ओझं टाकल्याशिवाय कळत नाही. मी तोंड उघडलं—

"उभा हाय म्हंजी नांगराला चालतो व्हय रं?" मामा दुकानदारावर कडाडले. "मानंवर जू ठिव, वझं भर, चार तास वढू दे, मग सांग."

अख्खं दुकान "बरोबर आहे मामा" म्हणालं. अठरा वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवतोय. माझ्या एकाही वाक्याला अशी दाद मिळालेली नाही.

पुढं आम्ही तिघं शेजारच्या किराणा दुकानात गेलो. का, ते विचारू नका. काट्यावर साडेआठशेचा ६९० ग्रॅम भरला, एकोणतीसशेचा १ किलो ४२०. किराणावाला शेठ म्हणाला, "कशात घालायचं?" फुकट काटा वापरला म्हणून मला अर्धा किलो शेंगदाणे घ्यावे लागले.

भाव मी वीस मिनिटं करत होतो, दुकानदार पन्नास रुपयांवर हलत नव्हता. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानदाराचा हात त्याच्याखाली ओढला आणि दोघं एकमेकांची बोटं दाबत छताकडं बघायला लागले. माझ्या डब्याचा सौदा माझ्यासमोर चालला होता आणि मला दिसत नव्हता. टॉवेल निघाला तेव्हा भाव सव्वीसशे पन्नास. मामांनी दलालीत एक चहा घेतला आणि डब्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हौशी हाय. जपा." पक्कं बिल मागितलं तर दुकानदारानं खोक्यावर बॉलपेननं तारीख घातली. बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. इथं मामांनीही मान फिरवली. ज्या बाजारात ते वाढले तिथंही बिल नसतं.

घरी आणून बसवला. चालू. प्रश्नपत्रिका शाबूत. मग बायकोनं फडकं घेऊन कॅबिनेट पुसलं आणि हात झटकला.

"चावतंय! जुना चावत नव्हता."

खरं होतं ते. याच्यात फिल्टर आहे. फिल्टरमधले दोन बारके कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला बांधलेले असतात, त्यातून झिरपणारी वीज अर्थिंगनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसलं तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो आणि मुंगीसारखा चावतो. जुन्यात फिल्टरच नव्हता, म्हणून तो शेवटपर्यंत गोड वागला आणि मग फुटला. हे मी बायकोला आकृती काढून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दोन हजार जास्त देऊन चावरा आणलात."

मीटर लावलं. अर्थिंग नावाला होतं. घर बांधताना कोळसा-मीठ घालून खड्डा केला होता, पण मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, खड्डा ठणठणीत कोरडा. कोरड्या मातीत वीज जाणार कुठं? वायरमन रविवारी येतो म्हणाला. तोवर निदान ओल धरावी म्हणून मी घागर घेऊन अंगणात बसलो. ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणलं, त्या गावात.

शेजारच्या आजी टँकरची वाट बघत फाटकाशी उभ्या होत्या. बराच वेळ माझ्याकडं, मग घागरीकडं बघत राहिल्या.

"सर, तितं तर काईच लावलेलं न्हाई. पानी कुनाला पाजूलालाव?"