नाव आउटडोअर, आणि गार वाऱ्यात मान टाकतं

"बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला." काल संध्याकाळी मनगटावरचं हे आउटडोअर स्मार्टवॉच असं थरथरलं तेव्हा मी नऊ तास डोंगर चढून-उतरून नुकताच बूट काढून टेकलो होतो, मांड्या भरून आलेल्या, एक गुडघा सुजलेला, आणि हे मला सांगतंय उठा! तळपायाची आग मस्तकात गेली. वर दिवसभराची पावलं दाखवतंय २,३१८. अहो एवढी तर मी उजाडायच्या आत चाललो होतो. पुढची मोजलीच नाहीत, कारण पावणेसातला धारेवर पोचलो तेव्हाच घड्याळ बंद पडलं होतं.

३८ टक्के बॅटरी होती. आठ नाही, अडतीस. गार वारा लागला आणि स्क्रीन काळी. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि चार्ज शिल्लक असतानाही घड्याळ बंद होतं, हे मला माहितीये. पण बनवणाऱ्यांना पण माहितीये ना? मग तो टक्का दाखवताना थंडी का धरत नाही? निदान बंद पडायच्या आधी एकदा ओरडा तरी! कुणाचा मेसेज आला, कुणी फोटो लाईक केला, सगळ्याला थरथरतं, आणि जे सांगायला हवं तेव्हा गप्प. संध्याकाळी ऊब लागल्यावर चालू केलं तर २९ टक्के. म्हणजे चार्ज होता. माझ्याच हातावर होता आणि मला मिळाला नाही.

आता "जॅकेटच्या आत घालायचं" सांगणारे येतीलच. आत घातलं की हातमोजा काढा, बाही वर सरकवा, मग बघा, तेही एका हातात काठी असताना. बाहेर घातलं की गारठतं. आणि बाहेर घातलं तर हृदयाचे ठोके मोजता येत नाहीत, कारण ते मोजणाऱ्या, घड्याळाच्या पाठीवरच्या हिरव्या दिव्यांना कातडी लागते.

उतरताना धुकं आलं, समोरचं दहा पावलांवरचं दिसेना. रूटची जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर बघायची आखलेली वाट, आदल्या रात्री बसून घड्याळात टाकली होती, ती याच जागेसाठी, जिथे वाट फुटते आणि डावीकडची थेट कड्यावर जाते. वीस मिनिटं तिथे उभा होतो. कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर होतं म्हणून खाली आलो. ज्याच्याकडे ते नसेल त्याचं काय? मला याचाच राग आहे, पावलांचा नाही खरं तर. लोक भरवशावर वर जातात.

आणि हे पहिल्यांदाच नाहीये. मागच्या वेळी पाऊस पडत होता, ओल्या बाहीने टचस्क्रीन दाबली जाऊन अर्ध्या वाटेत रेकॉर्डिंग थांबलं, मला कळलं मुक्कामी. त्याआधी एकदा रात्री झोपलो तेव्हाची उंची आणि सकाळची उंची यात चाळीस मीटरचा फरक, तंबू होता तिथेच होता, फक्त हवेचा दाब उतरला होता. घड्याळातला बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो, त्याचं हे असंच असतं, दाब १ हेक्टोपास्कल उतरला की साधारण ८ मीटर चढल्यासारखं दाखवतो, मान्य, पण मग आत जीपीएस कशाला आहे, स्वतः ताडून बघ की! उतारावर पळताना ठोके १७२ दाखवले, घाबरून थांबलो, बोटाने नाडी मोजली तर १३० च्या आत. ते माझी पावलं मोजत होतं ठोके म्हणून.

चार्जरचं तर बोलूच नका. घरात फोनच्या, कॅमेऱ्याच्या, हेडटॉर्चच्या सगळ्या केबल एकमेकींना चालतात, फक्त याचीच वेगळी, चार टाचण्यांची, घामाने त्या काळ्या पडतात, मग खोडरबरने घासत बसा, आणि केबल घरी राहिली की विषय संपला.

खोक्यावर बॅटरी किती दिवस टिकते ते एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिता ना, तर शून्य अंशाला जीपीएस चालू ठेवून किती तास टिकते तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या शनिवारी परत वर जायचंय. नकाशा वरच्या खिशात, आणि हे घड्याळ जॅकेटच्या आत, दिसलं नाही तरी चालेल.