दऱ्या, दर्या आणि दर्जा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीवरून जे काही चाललेलं असतं ते मी इथे परदेशात रात्री झोपताना वाचते आणि सकाळी उठून ज्या लोकांबरोबर काम करते त्यांचं पोटही भाषेवरच चालतं, फक्त ते तिला डेटा म्हणतात. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर दिवसभर पेढ्यांचे इमोजी येत होते (त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही मिळाला, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही). मग 2025 च्या एप्रिलमधे पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, नुसता धुरळा, आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला तेव्हा परत इमोजी. मी मधेच एकदा लिहिलं होतं की दर्जाने काय होणारे, इथे कोणी विचारतही नाही तुमची भाषा किती जुनी आहे म्हणून. त्यावर काकांचं उत्तर आलं, ते पुढे सांगते.

तर मधे इथे एक दोन दिवसांची कॉन्फरन्स होती, भाषा, मेंदू आणि कॉम्प्युटर असं तिन्हीकडचं पब्लिक एका हॉलमधे. एकमेकांचं निम्मं बोलणं एकमेकांना कळत नाही पण माना सगळे डोलावतात. पहिल्याच भाषणात स्क्रीनवर कुपवाड आलं! आपलं सांगलीजवळचं. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मधे त्यावर लिहिलेला लेख भाषाशास्त्रवाल्यांच्या ओळखीचा असतोच, मराठी, कन्नड, उर्दू तिथे पिढ्यानपिढ्या शेजारी राहून व्याकरणाने इतक्या जवळ आल्या की वाक्य शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत नेता येतं. पण शब्द ज्याचे त्याचे वेगळेच राहिले, कारण घरात जो तो आपलीच भाषा बोलत राहिला. हे मी ग्रुपवर टाकलं तर शुद्ध मराठीवाले आणि सगळ्या भाषा एकच म्हणणारे दोघंही माझ्यावर चिडतील, म्हणून टाकलं नाही.

खरी गोष्ट दुपारी पोस्टर्सच्या वेळची. एका बोर्डावर भलंमोठं टेबल, भाषा शिकवलेलं कॉम्प्युटरचं मॉडेल कुठल्या भाषेत किती बरोबर चालतं त्याच्या आकड्यांचं, भाषांचे दोन अक्षरी कोड एकाखाली एक, मल्याळम आणि मलय यांच्या मधे मराठीची ओळ. आकडा आजूबाजूच्यांपेक्षा बराच खाली, आणि तळाला टीप, की ही भाषा 'रूपसमृद्ध' असल्यामुळे मॉडेलला जड जाते. म्हणजे आपल्या विभक्ती आणि सामान्यरूपं फार, म्हणून मशीन बिचारं दमलं. पटण्यासारखं आहे, मीही पुढे गेले असते, पण शेजारी उदाहरणादाखल एक मराठी वाक्य छापलं होतं आणि त्यात शब्द होता 'कतर'. मला आधी वाटलं आखाती देशाबद्दल काहीतरी आहे. मग बाकीचं वाक्य वाचलं, त्यात भुंकणं होतं. तो शब्द 'कुत्रे' होता.

झालं काय होतं, तर मजकूर साफ करायची एक जुनी पायरी असते, फ्रेंचसारख्या भाषांच्या अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं काढून टाकणारी. ती आपल्याकडे चालवली की उकार, मात्रा, अनुस्वार आणि मोडलेले पाय सगळं रेघ-टिंब समजून उडवते. 'मुलगे' चं 'मलग' होतं. 'दऱ्या' आणि 'दर्या', एक डोंगरातल्या, एक समुद्र, दोन्हीचं 'दरया' होतं, कारण ऱ आतून र आणि खाली नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, असा फोडला जातो आणि तो नुक्ताही जातो. गंमत म्हणजे 'मराठी' हा शब्द त्यातून जसाच्या तसा सुटतो, काना आणि वेलांटी त्या नियमात बसत नाहीत! त्यामुळे वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. 2018 च्या बहुभाषिक बर्टच्या, म्हणजे गूगलच्या भाषा-मॉडेलच्या, पहिल्या आवृत्तीत हीच पायरी होती, बनवणाऱ्यांनी स्वतःच नंतर ती आवृत्ती नको, दुसरी वापरा असं लिहिलं, पण जुनी स्क्रिप्ट फोल्डरमधून फोल्डरमधे जात राहतेच.

पोस्टरजवळचा मुलगा पोरगेलासा, चांगला होता, लगेच वहीत लिहून घेतलं. त्याला देवनागरी येत नाही, त्याच्या गाइडला येत नाही, पेपर तपासणाऱ्यांनाही बहुतेक येत नसावी. 2011 च्या जनगणनेत 8.3 कोटी मराठी भाषक, आणि त्या हॉलमधे ते टेबल वाचून 'अहो हा कुत्रा आहे' म्हणणारी मी एकटी. आणखी दोघं यायचे होते, तिकडचे विद्यार्थी, मराठीवरच काम, पण व्हिसा वेळेत आला नाही आणि त्यांचा बोर्ड दोन दिवस रिकामा उभा होता. इथली माणसं विविधतेवर तासभर बोलतात आणि ते खरं तळमळीने बोलतात हो, पण भाषणं सगळी इंग्रजीत आणि येणाराही तोच ज्याच्या पासपोर्टवर शिक्का पटकन बसतो.

मग आता काकांचं उत्तर. त्यांनी लिहिलं होतं, "दर्जा राहू दे, तुझ्या पोरीला मराठी वाचता येतं का तेवढं सांग." तेव्हा राग आला होता. ती बोलते छान, भांडते तर अस्सल मराठीत, पण वाचता येत नाही. म्हणजे त्या पोस्टरपुढे ती उभी असती तर तिलाही 'कतर' चालला असता. तिकडची पहिलीतल्या भाषेची मारामारी मला इतके दिवस अस्मितेची वाटायची, बरीचशी आहेही, पण मराठी वाचणारं माणूस शेवटी त्याच वर्गात तयार होतं आणि दुसरीकडे कुठे होत नाही, निदान माझ्या घरात झालं नाही. पण तिकडेही कोणी मोर्चात असं म्हणताना ऐकलं नाही की विद्यापीठांत मराठीचा डेटा तपासणारी चार माणसं पगारावर ठेवा. पुण्यातल्या एल थ्री क्यूब या गटाच्या मुलांनी महाबर्ट हे मराठीचं मॉडेल आणि महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा साठा करून दाखवलाय, ग्रुपवर किती जणांना माहितीये? मी विचारलं तर एकाने अंगठा पाठवला.

परवा त्या मुलाचा मेल आला. ती पायरी काढून टाकली, मराठीचा आकडा चांगलाच वर गेला, थँक्यू वगैरे. नवीन पोस्टर जोडलं होतं. 'कुत्रे' नीट आलंय, तळाची रूपसमृद्धतेची टीप मात्र तशीच आहे.